शिवण नसलेला शेवाळी स्वेटर

बोरकरांच्या अंगातला शेवाळी स्वेटर त्यांच्या बायकोने विणलेला नाही. तो मी विणलाय. हे वाक्य मी आजपर्यंत कोणाजवळ बोललेलो नाही, घरी सुनंदाजवळही नाही, आणि आत्ता लिहिल्यावरसुद्धा ते खोडावंसं वाटतंय.

आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या अंकाचे संपादक माझ्याकडे आले ते वेगळ्याच अपेक्षेने. "दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या गमतीजमती लिहा," म्हणाले. "पुण्यात स्वेटर विणून पोट भरलंत, हीच मुळात गंमत आहे." त्यांचं काही चूक नाही. पुण्यातली थंडी ही पाहुण्यासारखी, येणार येणार म्हणून घर आवरून ठेवावं तर दारातूनच परत जाते. एका गृहस्थांनी मार्चमध्ये स्वेटर परत आणून दिला होता. उसवला होता का? नाही. आखूड झाला होता? तेही नाही. "यंदा थंडी पडलीच नाही. वापरलेला नाही, तेव्हा परत घ्या," असा शांतपणे युक्तिवाद. एका बाई कुत्र्याचं माप घेऊन आल्या होत्या आणि "जरा अंगाबरोबर हवा, त्याला ढगळ आवडत नाही" असं बजावून गेल्या. असं बरंच आहे. ते लिहायला बसलो होतो. पण मध्यंतरी बोरकरांची मुलगी येऊन गेली आणि आता दुसरं काही सुचत नाही. नावं मी बदलली आहेत. पण बोरकरांनी वाचलं तर ते ओळखतील, आणि अंक बाहेर पडायच्या आत मला त्यांच्याकडे जावं लागेल. कदाचित म्हणूनच लिहीत असेन. नक्की सांगता येत नाही.

मंडईच्या मागच्या गल्लीत, एका जिन्यावरच्या खोलीत माझी विणायची मशीन होती. हातमशीन. टेबलाला आवळून बसवलेली लांब पट्टी, तिच्यात शेजारी शेजारी, टोकाला आकडा असलेल्या सुया, आणि त्यांच्यावरून उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे सरकवायचं कॅरेज. एकदा खर्रकन सरकवलं की एक ओळ विणून होते. शाळांचे स्वेटर हे मुख्य काम. दुपारी आणखी दोन-तीन मशीन मांडून बायकांना शिकवायचा वर्ग घ्यायचो, म्हणून खालच्या भाजीवाल्यांपासून सगळे मला सर म्हणत. या हुद्द्याने माझं बरंच नुकसान केलं.

स्वेटर म्हणजे चार तुकडे असतात. पाठ, पुढचा भाग आणि दोन बाह्या. मशीन तुकडे भराभर देते. वेळ खाते ती शिवण. तुकडे एकमेकांना जोडायचे तर सुई-दोरा घेऊन माणूस बसावा लागतो. माझ्याकडे त्या कामाला रशीदाभाभी होत्या. भवानी पेठेत राहायच्या. तुकड्यांचं गाठोडं घेऊन जायच्या आणि स्वेटर करून आणायच्या. कडा कमीजास्त असल्या तरी त्या सांभाळून घेत. एखादा तुकडा बोटभर लांब असेल तर बारीक बारीक चुण्या घालून असा बसवत की शोधून सापडू नये.

मग मला जोडणी जमली. विणता विणताच तुकडे जोडायची रीत. पाठ आधी विणून ठेवायची. पुढचा भाग विणायला घेतला की दर दोन ओळींनी पाठीच्या कडेचा एक टाका उचलायचा आणि शेवटच्या सुईवर अडकवायचा. पुढची ओळ फिरली की दोन्ही टाके एकत्र विणले जातात. दोन्ही बाजूंनी असं करत वर गेलं की पाठ आणि पुढचा भाग मशीनवरून जोडलेलेच उतरतात. खांदे जोडून झाले की बाही मनगटाकडून वर विणत आणायची नाही. काखेच्या गोलावरचे टाके उचलून तिथूनच खाली विणत जायचं. बाहीच्या खाली एक फट राहते, तीसुद्धा आकड्याने टाक्यात टाका ओढून बंद करता येते. सगळ्या स्वेटरला शिवणीचा दोरा म्हणून लागत नाही. उलटा करून पाहा, सुलटा करून पाहा, एक सारखी साखळी दिसते. ही रीत माझी नव्हे, जगात कुठे कुठे चालते. पण आमच्या भागात मी पहिला, आणि ते मी लोकांना सांगतही असे.

रशीदाभाभींना सांगितलं तेही जरा ऐटीतच. "भाभी, आता शिवण लागत नाही."

त्यांनी एक स्वेटर हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला, खाली ठेवला. "चांगलं झालं," म्हणाल्या. "आता तुकडे लहानमोठे निघाले की मशीनलाच सांगा, सांभाळून घे म्हणून."

त्यानंतर त्या आल्या नाहीत. मी बोलावलंही नाही.

त्यांचं म्हणणं खरं होतं हे मला माहीत होतं. मशीनवरची जोडणी सांभाळून घेत नाही. कडा एकसारख्या हव्यात, ओळी तितक्यास तितक्या हव्यात. मी वर्गात सारखा कडांच्या मागे लागलेला असायचो तो त्यामुळे. कॅरेज उलट फिरवताना धागा जरा सैल सुटतो, तो बोटाने मागे ओढून घ्यायचा असतो. एवढंच. पण हे एवढंच ज्यांना कधी जमलं नाही त्या नलूताई बोरकर.

बोरकर कुटुंब यवतमाळकडचं. नोकरीसाठी पुण्यात आले आणि धायरीत राहिले. नलूताई माझ्यापेक्षा वयाने मोठ्या, तरी मला सर म्हणत आणि माझ्या वर्गाला शाळा म्हणत. उजवीकडे धागा ओढायच्या, डावीकडे विसरायच्या. का, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. मला वाटतं, डावीकडे खिडकी होती. खाली मंडईत काय चाललंय ते बघायच्या. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक तुकड्याची उजवी कड पट्टीसारखी आणि डावी नदीसारखी.

"नलूताई, डावीकडे लक्ष द्या."

"देतो ना जी सर. लक्ष देतो, पण धागा काही ऐकत नाही."

"धागा ऐकायला नाहीये, तुम्ही ओढायला आहात."

वर्गातल्या बायका हसायच्या. नलूताईही हसायच्या. माझ्याकडूनच त्यांनी एक जुनी मशीन विकत घेतली आणि घरी विणायला लागल्या. पण वर्गाला येणं सोडलं नाही, कारण त्यांना जोडणी शिकायची होती. शिवायला त्यांना अजिबात आवडायचं नाही. "सुई पाहिली की मला दवाखाना आठवते," म्हणायच्या. दर वेळी विचारायच्या, सर, जोडणी केव्हा? आणि दर वेळी मी म्हणायचो, आधी कड सरळ येऊ दे. आता विचार करतो, वाकड्या कडेवर जोडणी शिकवली असती तर काय बिघडलं असतं? वाकडी झाली असती. स्वेटर त्यांच्याच नवऱ्याचा होता. पण माझी जोडणी वाकडी दिसलेली मला चालली नसती. 'माझी' म्हणालो बघा.

मग त्या यायच्या थांबल्या. आजारी आहेत असं कळलं. भेटायला जाऊ म्हणत राहिलो. धायरी काही विलायत नव्हती.

बोरकर पहिल्यांदा माझ्या खोलीवर आले ते नलूताई गेल्यानंतर. हातात कापडी पिशवी. उंच, वाळका माणूस, बोलताना नजर जमिनीवर. पिशवीतून त्यांनी एकेक तुकडा काढून टेबलावर मांडला, जसं कुणाचं सामान मोजून ताब्यात द्यावं तसं. शेवाळी लोकर. पाठ, पुढचा भाग, एक पूर्ण बाही, आणि दुसरी अर्धी. अर्ध्या बाहीचे वरचे टाके निसटू नयेत म्हणून लाल लोकरीच्या दोन ओळी विणून धरून ठेवलेले. तेवढं मात्र वर्गात शिकवलेलं नीट लक्षात ठेवलं होतं. सोबत शिल्लक लोकर, भरपूर. त्या नेहमी जास्त आणत, चुकेल म्हणून.

"माझ्यासाठी करून राहिली होती," बोरकर म्हणाले. "पलंगाजवळ मशीन मांडून दिली होती. होऊन जाईल का जी सर?"

"होईल."

"तिचं आहे तसं ठेवा. राहिलं तेवढंच तुम्ही करा."

"हो."

हे मी ऐकलं, समजलं आणि हो म्हटलं. आठवण पक्की आहे. यात माझा कोणताही गैरसमज झालेला नव्हता.

ते गेल्यावर मी तुकडे मोजून पाहिले. पाठ पुढच्या भागापेक्षा लांब. डावी कड अपेक्षेप्रमाणे. सरळ मार्ग एकच होता: राहिलेली अर्धी बाही विणायची आणि तुकडे रशीदाभाभींकडे न्यायचे. त्यांनी ते सांभाळून जोडले असते. भवानी पेठ चालत जाण्याएवढी जवळ. दोनदा पिशवी घेऊन जिना उतरलो. दोन्ही वेळा कोपऱ्यावर चहा पिऊन परत आलो. काय सांगणार होतो त्यांना? मशीन सांभाळून घेत नाहीये म्हणून? मी स्वतः शिवायला बसलो तर शिवण अशी आली की बोरकरांना दाखवायची लाज वाटावी. ती उसवली.

मग मनात आलं, पुढचा भाग तेवढा पुन्हा विणू, पाठीला जोडत. लोकर तीच, मशीन त्याच प्रकारची. पाठ तर त्यांचीच राहील. पुढचा भाग वरच्या टोकाला सोडला आणि धागा ओढला. विणलेलं उसवायला काही वेळ लागत नाही. त्यांनी पलंगावर बसून किती दिवस घालवले होते कोण जाणे, माझ्या हातात ते चहा गार व्हायच्या आत गोळा होऊन आलं.

पुढचा भाग नव्याने विणायला घेतला, तर पाठीची डावी कड जोडणीत बसेना. सैल टाके लोंबायचे. तेव्हा पाठही उसवली. पाठ उसवल्यावर बाही राहून उपयोग नव्हता, कारण त्यांची बाही मनगटाकडून वर विणलेली आणि माझी पद्धत खांद्याकडून खाली. ती पूर्ण बाहीही उसवली. यातलं एकही पाऊल मला मोठं वाटलं नाही. प्रत्येक वेळी मी एवढंच म्हणत होतो की आता इतकं केलंय तर हेही केलं पाहिजे. शेवटी त्यात नलूताईंचं असं काही राहिलं नाही. लोकर राहिली.

उसवलेली लोकर कुरळी होते. तिच्या लडी करून कोमट पाण्यातून काढाव्या लागतात आणि वजन टांगून वाळवाव्या लागतात, तेव्हा सरळ होते. तेही केलं. लडी पाण्यात बुडवताना खोबरेल तेलाचा आणि कापराचा वास आला, मग गेला.

अर्ध्या बाहीची मात्र गरज पडली नाही. शिल्लक लोकर पुरली. त्या बाहीवर हात टाकायची वेळ आली नाही, की आली होती आणि मी टाकला नाही, हे मला आज खरोखर सांगता येत नाही. बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिली.

स्वेटर सुरेख झाला. हे लिहिलं नाही तर खोटं होईल. माझ्या हातून झालेल्या चांगल्या कामांपैकी तो एक.

बोरकर न्यायला आले. घातला. आरशात न बघता खाली बघत कडेवरून हात फिरवला, आधी उजव्या, मग डाव्या. डाव्या कडेवर हात थांबला.

"तिच्या हातून एवढं सरळ कधी आलं नव्हतं जी," ते म्हणाले.

मी त्यांची पिशवी घडी करायला घेतली.

"तुम्ही म्हणायचे ना तिला, डावीकडे लक्ष द्या म्हणून. घरी येऊन सांगे. शेवटी शेवटी दिलं असंल." मग स्वेटरची बाही नाकाजवळ नेली. "धुतला का?"

"हो. धुवावा लागतो."

"बरं केलं," म्हणाले आणि खाली उतरून गेले. जिन्याच्या मधल्या पायरीवर जरा थांबल्यासारखा आवाज आला. मी दारापर्यंत गेलो नाही.

ते काय म्हणाले याचा मी इतक्या वेळा विचार केलाय की आता शब्दांचे अर्थच पुसट झालेत. कधी वाटतं, त्यांना त्याच क्षणी कळलं होतं आणि त्यांनी मला मोकळीक दिली होती: सांग, आत्ता सांग. कधी वाटतं, भाबडा माणूस, बायकोच्या हाताला शेवटी वळण लागलं याचा त्याला आनंदच झाला. तसं असेल तर मी बोलून काय मिळवणार? आणि पुणेरी माणूस असता तर मी सरळ टोमणा समजलो असतो. पण यवतमाळचा माणूस टोमणा कसा मारतो, हे मला माहीत नाही.

पुढे दर संक्रांतीला ते तिळगूळ घेऊन यायला लागले. तोच स्वेटर घालून. त्यांच्याकडे खडकवासल्याच्या बाजूला सकाळी बराच गारठा असतो, फार उपयोगी पडतो म्हणायचे. मी वडी तोंडात टाकायचो, त्यामुळे बोलावं लागायचं नाही. मशीनवरची कामं हळूहळू कमी झाली, थंडीत रस्त्याच्या कडेला ढिगाने स्वेटर यायला लागले, शाळांनी झिपवाली जाकिटं घेतली. खोली सोडली, मशीन विकल्या, एक तेवढी घरी आणली. बोरकर घरी यायला लागले. सुनंदा त्यांना चहा करून द्यायची आणि नंतर मला म्हणायची, "किती जपतात हो बायकोची आठवण. तुम्ही तर माझा वाढदिवस विसरता." मी म्हणायचो, "अजून जिवंत आहेस, म्हणून."

आता त्यांची मुलगी. श्वेता. हिंजवडीला कंपनीत असते. परवा आली ती लॅपटॉपच्या बॅगेतून स्वेटर घेऊन. पोट दिसत होतं, म्हणून सुनंदाने आधी तिला खुर्ची दिली, मग पाणी, मग लाडू.

"काका, बाबांनी पाठवलंय. त्यांना आता तो मोठा होतो, अंगच राहिलं नाही. म्हणाले, बाळासाठी घे. तर अॅक्च्युअली मला काय करायचंय, की आईची पाठ आणि पुढचा भाग आहे तसाच ठेवायचा. उसवायचं अजिबात नाही. फक्त शिवण काढून तुकडे वेगळे करायचे आणि मग त्याचं बाळाला पांघरूण. म्हणजे आईच्याच हातचं राहील ना. बाबा म्हणाले, शिवण नीट काढायची तर सरांकडेच जा."

मी स्वेटर उलटा केला. ती जवळ सरकून बघायला लागली.

"शिवण कुठेय?"

"नाहीये."

"म्हणजे?"

ओढायला दोराच नव्हता. ज्याचा मला एवढा अभिमान, तो हाच तर प्रकार. शिवलेल्या स्वेटरची शिवण ओढून काढता येते आणि तुकडे जसेच्या तसे मोकळे होतात. माझा स्वेटर मोकळा करायचा तर तो सगळाच उसवावा लागतो.

"हा विणतानाच जोडलेला आहे," मी म्हणालो.

"आईने?" तिचा चेहरा उजळला. "आईला हे येत होतं?"

इथे मला खरं बोलायची सगळी सोय होती. सुनंदा स्वयंपाकघरात होती. मुलगी शांत होती. आणि मी म्हणालो, "हो. शिकल्या होत्या."

का म्हणालो, हे मी तेव्हापासून शोधतोय. तिला बरं वाटावं म्हणून? की नलूताईंना जे शिकवलं नाही ते निदान बोलून तरी द्यावं म्हणून? की नुसताच घाबरलो? तिन्ही थोडं थोडं असेल.

तिने लगेच वडिलांना फोन लावला, स्पीकरवर. "बाबा, ऐका ना. या स्वेटरला शिवणच नाहीये. आईने विणतानाच जोडलाय. काका म्हणतात आई शिकली होती."

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग बोरकर म्हणाले, "अस्सं? मला तर म्हणायची, सर जोडणी शिकवतच नाही जी." मग विचारलं, "सर आहेत का तिथं?"

"आहेत, बोला ना."

"नको, नको," ते म्हणाले. "त्यांना म्हणा, संक्रांतीले येतो. नाहीतर तेच येऊ देत. मले आता बस झेपत नाही."

श्वेता स्वेटर ठेवून गेली. काहीतरी मार्ग काढतो, असं मी तिला सांगितलंय. ती गेल्यावर सुनंदा म्हणाली, "चेहरा का असा?" मी म्हणालो, लाडवाचा ठसका.

मार्ग एकच आहे आणि तो मला दिसतोय. स्वेटरची पाठ कापून बाळाला पांघरूण करता येईल, कडा बंद करता येतील, छान दिसेल, पण त्यात बाळाच्या आजीचं काही नसेल. आजीचं जे आहे ते माझ्या कपाटात, बिस्किटांच्या डब्यात आहे. काल काढून पाहिली ती अर्धी बाही. उजवी कड पट्टीसारखी. डावी कड जाते तशी जाते. एके ठिकाणी तर टाका इतका सैल की बोट जाईल. वर लाल लोकर, टाके धरून. त्या परत येऊन पुढे विणणार होत्या, म्हणून धरलेले.

बोरकरांना माहीत आहे की नाही, हे मला अजूनही कळलेलं नाही. पण माझ्या बोलण्या-न बोलण्याचा त्याच्याशी संबंध होता, असं जे मी इतकी वर्षं धरून चाललो, ते चूक होतं, एवढं हे लिहिताना लक्षात आलं. त्यांना माहीत असो वा नसो, सांगायचं मलाच आहे. सुनंदाला आज संध्याकाळी हा कागद वाचायला देणार आहे, आणि उद्या धायरीला जाणार आहे.

नलूताईंना मी जोडणी शिकवायचं देणं लागतो; ते आता देता येत नाही. रशीदाभाभी भवानी पेठेत अजून आहेत की नाहीत, मला माहीत नाही. ते विचारायचं राहिलंय. बोरकरांचं देणं आहे ते त्यांच्या बायकोने विणलेली अर्धी बाही. ती माझ्याकडे आहे.